‘मेंटेनन्स-फ्री’ म्हणजे बेवारस नव्हे!

‘मेंटेनन्स-फ्री’ हा शब्द ऐकला की आपल्याला किती बरं वाटतं! हॉस्टेलच्या खोलीपासून सबमिशनच्या फाइलपर्यंत सगळंच मेंटेनन्स-फ्री मिळालं तर कोणाला नकोय? पण हाच शब्द एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यावर छापून खेड्यात जातो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. कंपनीच्या मते अर्थ एवढाच, की ‘यात पाणी घालावे लागत नाही’. दुकानदार सांगतो, ‘काही बघायचं काम नाही’. आणि शेतकरी ऐकतो, ‘पुढची बॅटरी घेईपर्यंत बॉनेट उघडायची गरज नाही’. एका शब्दाच्या या तीन अर्थांमध्ये दर दोन वर्षांनी सहा-सात हजार रुपये मातीत जातात. हा लेख त्याबद्दल आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. जुन्या ट्रॅक्टरवर आणि शेतीच्या अवजारांवर सीलबंद बॅटऱ्या लवकर मरतात, त्यात बॅटरीचा दोष फार थोडा असतो. त्या मरतात कारण जुन्या यंत्राचे चार्जिंग आणि नव्या बॅटरीची गरज यांचा मेळ कोणी घालून दिलेला नसतो. हा मेळ घालणे हे इंजिनिअरचे काम आहे. ते आपण करत नाही, आणि करावे असे आपल्याला कोणी सांगतही नाही.

आधी थोडी उजळणी. लेड-ॲसिड बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली, आणि तिच्या आतली मूळ रसायनक्रिया आजही तीच आहे. शिसे, शिशाचे डायऑक्साइड आणि सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते. चार्ज केली की ते परत विरघळते. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या व्हायव्हासाठी आपण सगळ्यांनी हे पाठ केलेलं आहे. पण एक गोष्ट व्हायव्हात कोणी विचारत नाही. सल्फेट ताजे असते तोवरच ते सहज विरघळते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की त्याचे कण मोठे आणि कडक होतात आणि मग चार्जर लावूनही ते हटत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. गावातला मेकॅनिक ‘बॅटरी बसली’ म्हणतो, ते बहुतेक वेळा हेच असते!

आता ‘सीलबंद’ कशाला म्हणतात ते पाहू. बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या जाती मिळतात. पहिलीत आतले ॲसिड नेहमीसारखे पातळच असते, फक्त प्लेटांच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरल्यामुळे पाणी फार कमी उडते, आणि वर बुचे नसतात. ट्रॅक्टरवर साधारणपणे हीच बसते. दुसरी जात म्हणजे व्हीआरएलए. हिच्यात ॲसिड काचेच्या बारीक तंतूंच्या चटईत शोषलेले असते (ती एजीएम) किंवा जेलमध्ये अडकवलेले असते. आत तयार होणारा ऑक्सिजन आतच परत पाण्यात मुरतो, आणि दाब फार वाढला तरच झडप उघडते. फवारणी पंपात, यूपीएसमध्ये, पोर्टेबल दिव्यात असते ती ही.

दोन्ही जातींना एक नियम सारखाच लागू आहे: जे पाणी एकदा बाहेर गेले, ते गेले. साध्या बॅटरीत ओव्हरचार्जिंग झाले तर पाणी कमी झालेले दिसते. बुच उघडले, डिस्टिल्ड वॉटर घातले, चूक भरून निघाली. सीलबंद डब्यात मात्र तुमची चूक आतच साठत जाते. हायड्रोमीटर घालता येत नाही. वर तो छोटा हिरवा डोळा असतो खरा, पण तो सहा सेलपैकी एकाच सेलची खबर देतो. बाकीचे पाच काय करतायत, हे त्या डोळ्याला माहीत नाही!

आता या डब्याला १९७० च्या दशकातल्या ट्रॅक्टरवर बसवून बघा. आपल्याकडे ट्रॅक्टर मोबाइलसारखा दोन वर्षांनी बदलत नाहीत. पिंजोरला एचएमटीने झेटॉरच्या तंत्रावर ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली १९७१ मध्ये, स्वराज ७२४ आला १९७४ मध्ये. त्या पिढीतले ट्रॅक्टर आजही बांधावर दिसतात. त्या काळच्या अनेक ट्रॅक्टरांवर अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. डायनामो हळू फिरला की काहीच देत नाही. इंजिनाचा वेग वाढला तरच त्याचा कट-आउट जुळतो आणि बॅटरीकडे करंट जातो. तोही जेमतेम दहा-वीस अँपिअर. व्होल्टेज ताब्यात ठेवतो एक स्प्रिंग आणि पॉइंट असलेला रेग्युलेटर. तीस-चाळीस वर्षांत पॉइंट ठिणग्यांनी खरबरीत होतात, स्प्रिंग ढिली होते, आणि मग कधी तो १३ व्होल्टच्या वर जात नाही तर कधी १५.५ व्होल्टपर्यंत चढतो. जुनी बुचवाली बॅटरी हे सगळं निमूटपणे सहन करायची, कारण महिन्याला कोणीतरी तिच्यात पाणी घालत होतं. सीलबंद बॅटरी सहन करत नाही. व्होल्टेज कमी राहिले तर सल्फेशन, जास्त झाले तर आतून कोरडी. दोन्हीकडून मरण!

मग किती व्होल्टेज पाहिजे? साधारण २५ अंश तापमानाला १३.८ ते १४.४ व्होल्ट. पण विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज पुरते. दर सेलला, दर अंशाला सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी. आपण ४ धरू. सहा सेल, २० अंशांचा फरक: ६ × ४ × २० = ४८० मिलिव्होल्ट. म्हणजे जवळजवळ अर्धा व्होल्ट! जे १४.४ थंडीत बरोबर होते, ते उन्हाळ्यात जास्त ठरते. शिवाय तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते असा ढोबळ नियम आहे. तरीही आपण ट्रॅक्टर उन्हात उभा करून पिशवीतली पाण्याची बाटली मात्र सावलीत ठेवतो…

आता एक गणित, कारण गणिताशिवाय इंजिनिअरिंगच्या मासिकात लेख शोभत नाही. सेल्फ मारला की बॅटरी संपते, असं आपल्याला वाटतं. डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ ३०० अँपिअर ओढतो असे धरा, आणि तो पाच सेकंद मारला. १,५०० अँपिअर-सेकंद, म्हणजे भागिले ३,६०० केले की सुमारे ०.४२ अँपिअर-तास. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हे काहीच नाही! आता दुसरी बाजू बघा. टेपच्या वायरिंगमधून नाहीतर हॉर्नच्या रिलेतून गुपचूप ५० मिलिअँपिअर गळती होत असेल, तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास गेले. ट्रॅक्टर नुसता गोठ्यासमोर उभा असताना! आणि ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरची गाणी तर सगळ्या महाराष्ट्राला ऐकू येतात. कारखान्याच्या गेटावर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद करून चार तास पाच अँपिअरचा ॲम्प्लिफायर वाजवला, की २० अँपिअर-तास संपले. पाव बॅटरी गाण्यात गेली! (गाणी ऐकू नयेत असं मी म्हणत नाही. रात्रभर रांगेत बसणाऱ्या माणसाला गाणं लागतंच. पण मधून इंजिन चालू करावं.)

थोडक्यात काय, तर बॅटरी कामाने कमी आणि उभी राहून जास्त मरते. आणि आपली शेती अशी, की ट्रॅक्टर पेरणीला रात्रंदिवस पळतो आणि नंतर महिना-महिना हलत नाही. मृगाचा पाऊस पडतो, वाफसा येतो, सगळं गाव पेरणीला निघतं, आणि नेमका त्याच दिवशी सेल्फ ‘टक्’ करून गप्प बसतो. वाफशाचे दिवस मोजके. त्यातला एक दिवस बॅटरीच्या दुकानात गेला, तर त्याचं बिल दुकानदार लावत नाही, ते शेत लावतं. मग ट्रॅक्टर कायम उतारावर लावायची सवय लागते. उतारावरून, ब्रेकच्या भरवशावर, धक्का देऊन ट्रॅक्टर सुरू करणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगायला नको.

ट्रॅक्टर तरी मोठा आहे. लहान अवजारांची गोष्ट अजून वाईट. कापूस पट्ट्यात घरोघरी पाठीवरचा बॅटरी पंप आहे. त्यात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची व्हीआरएलए असते. फवारणीचा हंगाम दिवाळीच्या आसपास संपतो. शेवटच्या दिवशी पंप जेवढा उतरला तेवढ्यावर धुऊन पत्र्याच्या खोलीत टांगला जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात खाली येतो. २५ अंशांना ही बॅटरी महिन्याला साधारण तीन टक्के आपोआप उतरते. दहा अंश वाढले की वेग दुप्पट. पत्र्याखाली उन्हाळा काढल्यावर ती जिवंत राहील कशी? मामाच्या गावी मी अशा पंपांची बॅटरी बदलताना पाहिली आहे. दुकानदाराने वॉरंटी नाकारताना सांगितलं, ‘तुम्ही चार्जिंग नीट केलं नाही’. बरोबर आहे. पण नीट म्हणजे कसं, हे विकताना सांगितलं होतं का? कागद होता, इंग्रजीत! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे तो कागद मी वाचू शकले. ज्याच्या पाठीवर तो पंप असतो त्याने काय करायचं?

झटका मशीनचंही तेच. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून हरभरा-तूर वाचवायला कुंपणाला झटका लावतात. ते मशीन रात्रभर बॅटरीवर चालते, दिवसा छोट्या सोलर पॅनेलवर चार्ज होते. पण कितीतरी ठिकाणी त्याला ट्रॅक्टरची बाद झालेली बॅटरी जोडतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ. क्षणभर भरपूर करंट देण्यासाठी बनवलेल्या. रोज रात्री खोलवर उतरणे त्यांना झेपत नाही. त्यात पॅनेलवर धूळ, वर ढग. एका रात्री मशीन बंद पडते आणि सकाळी शेतात कळप येऊन गेल्याच्या खुणा दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, मग जुन्या ट्रॅक्टरला जुनी बुचवालीच बॅटरी लावा ना! खरं सांगू? गावातले अनेक ऑटो इलेक्ट्रिशियन हेच सांगतात, आणि रेग्युलेटर दुरुस्त होणार नसेल तर ते शंभर टक्के बरोबर आहेत. अंगठा टाकून १३ की १५ व्होल्ट ओळखणारी ही माणसं आपल्यापेक्षा जास्त इंजिनिअर आहेत! पण सीलबंद बॅटरी वाईट आहे असंही नाही. ती पडून राहिली तर हळू उतरते, तिच्यातून ॲसिडची वाफ कमी निघते, टर्मिनल कमी गंजतात. आणि पाठीवरच्या पंपात पातळ ॲसिडची बुचवाली बॅटरी कोण ठेवील? तेव्हा वस्तू चांगली आहे, फक्त तिच्या अटी आहेत. त्या अटी माणसाला समजेल अशा भाषेत सांगा, एवढीच मागणी आहे.

त्या अटी काही अवघड नाहीत. बघा:

पहिली: मल्टिमीटर. तीन-चारशे रुपयांचा साधा चालतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरीवर १२.६ किंवा जास्त व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे ताबडतोब चार्जिंग, उद्या नाही. महिन्यातून एकदा, दोन मिनिटांचं काम.

दुसरी: इंजिन चालू करून, वेग वाढवून पुन्हा बघा. १३.८ ते १४.४ मध्ये असेल तर सीलबंद बॅटरी खुशाल बसवा. १३.५ च्या खाली असेल तर ती उपाशी राहणार. आधी बेल्ट, कार्बन ब्रश आणि गंजलेल्या वायरी तपासा. १४.८ च्या वर असेल तर रेग्युलेटर सेट झाल्याशिवाय नवी बॅटरी आणूच नका.

तिसरी: बाहेर चार्ज करताना करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवा, म्हणजे ८० च्या बॅटरीला ८ अँपिअर, आणि व्होल्टेज १४.४ ला थांबवणारा चार्जर वापरा. चार्जिंगच्या दुकानात दहा बॅटऱ्या एका माळेत लावून रात्रभर सोडून देतात, त्या माळेत आपली सीलबंद बॅटरी देऊ नका. बॅटरी हाताला गरम लागली तर चार्जिंग बंद. आणि झाकणाला भोक पाडून ॲसिड ओतायचा ‘देशी उपाय’ अजिबात नको! कमी झालेलं असतं ते पाणी. वरून ॲसिड घातलं तर प्लेटा अजून लवकर खराब होतात.

चौथी: ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर बॉडीला लागलेली वायर काढून ठेवा. काढताना ती आधी, जोडताना ती शेवटी. (काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांत निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते, तेव्हा आधी खात्री करा.) चार्जिंगच्या वेळी जवळ बिडी-काडी नको, हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि सीलबंद बॅटरीतूनही गॅस बाहेर येतो.

पाचवी: शेडवर दहा-वीस वॅटचे सोलर पॅनेल आणि सीलबंद बॅटरीसाठीचा चार्ज कंट्रोलर. वीस वॅटचे पॅनेल उन्हात एक अँपिअरच्या आसपास देते. पाच तासांत पाच अँपिअर-तास. आपोआप उतरण्यापेक्षा हे खूप जास्त आहे. जिथे शेतीची लाईट रात्री येते आणि कधी जाईल सांगता येत नाही, तिथे हाच सोपा मार्ग. फवारणी पंप मात्र भरून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरा.

संपलं! एवढंच आहे ते ‘मेंटेनन्स’. एका पानात मावतं. मग हे पान मराठीत छापून प्रत्येक बॅटरीसोबत का मिळत नाही? दुकानदार नवी बॅटरी बसवण्याआधी चालू इंजिनावर एकदा व्होल्टेज का मोजत नाही, आणि तो आकडा वॉरंटी कार्डावर का लिहीत नाही? हा आकडा लिहिला, तर दोन वर्षांनी ‘चूक कोणाची’ हा वादच उरणार नाही. माझ्या मते हे सक्तीचे व्हायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. वेळेआधी मेलेली प्रत्येक बॅटरी कुठेतरी जाते. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसे असतो, आणि ते जवळजवळ सगळे पुन्हा वापरता येते. २००१ पासून जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याचे नियम आपल्याकडे आहेत. २०२२ मध्ये नवे नियम आले आणि ही जबाबदारी उत्पादकांवर आणखी स्पष्टपणे टाकली गेली. तरी बॅटरी भंगारवाल्याच्या सायकलवरून उघड्या भट्टीत पोचली, तर त्या धुराची किंमत आजूबाजूची लहान मुलं मोजतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे असल्याचा अंदाज दिला होता. म्हणून चार वर्षं टिकणारी बॅटरी दोन वर्षांत मारणे हा फक्त खिशाचा प्रश्न राहत नाही. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या आणि पावती घ्या.

आता आपल्याकडे वळूया. दरवर्षी एनएसएसचे सात दिवसांचे शिबिर होते. आपण झाडे लावतो, रस्ता झाडतो, पथनाट्य करतो. चांगलंच आहे. पण आपण इंजिनिअर होणार आहोत ना? मग त्या सात दिवसांतली एक सकाळ गावच्या चावडीसमोर टेबल मांडून बसूया. चार मल्टिमीटर, एक वही. जो ट्रॅक्टर येईल त्याचे दोन आकडे लिहायचे: उभ्या बॅटरीचा आणि चालू इंजिनाचा. जो पंप येईल त्याची बॅटरी तपासायची. सोबत गावातल्या इलेक्ट्रिशियनला बसवायचं, म्हणजे रेग्युलेटर सेट करायला तो आणि शिकायला आपण! खर्च एका डीजेच्या भाड्याइतकाही नाही. आणि कोणाला प्रोजेक्टचा विषय सुचत नसेल तर घ्या: डायनामोवाल्या जुन्या ट्रॅक्टरसाठी तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणारा स्वस्त इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. दरवर्षी तीच लाइन फॉलोअर रोबोटची गाडी बनवण्यापेक्षा बरं!

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं, असं मला वाटतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे शेकून, तूप-हळद चोळून त्याला आराम देतात. बैल मेंटेनन्स-फ्री आहे असं कोणी कधी म्हटलं नाही. आज ट्रॅक्टरलाही खंडेनवमीला झेंडूचा हार घालतो, हळद-कुंकू वाहतो. या वर्षी हार घालताना बॉनेट उघडा, आणि मल्टिमीटरची दोन टोकं बॅटरीला लावून बघा. १२.६ दिसले, तर पूजा पोचली म्हणायची!